पाल्याचं श्रेय किती, कातडीचं किती?

सतराव्या शतकात युरोपात तलवारीचा वार बसला की औषध तलवारीला लावायची एक पद्धत होती. ज्या पात्यानं वार केला ते शोधून आणायचं, त्यावरचं रक्त पुसायचं नाही, त्याला मलम चोळायचं आणि ते जपून गुंडाळून ठेवायचं. जखम नुसती धुवायची, स्वच्छ फडक्यानं बांधायची आणि पुन्हा तिच्या वाटेला जायचं नाही. इंग्लंडचा सर केनेल्म डिग्बी या उपचाराचा मोठा पुरस्कर्ता होता. मलमाऐवजी तो हिराकशीची पूड वापरायचा. जेम्स हॉवेल नावाचा लेखक दोन मित्रांचं द्वंद्व सोडवायला मधे पडला आणि त्याच्या हाताला जबर जखम झाली. डिग्बीनं त्याच्या हाताची रक्ताळलेली पट्टी मागून घेतली आणि हिराकशीच्या पाण्यात बुडवली. हॉवेल तेव्हा खोलीत दुसरीकडेच होता, तरी त्याच्या हाताची आग थांबून गार वाटू लागलं, असं डिग्बी सांगत असे. १६५८ मध्ये फ्रान्समधल्या माँपेलिए इथे त्यानं विद्वानांपुढे केलेलं या विषयावरचं भाषण छापूनही निघालं.

आज हे वाचताना हसू येतं. पण हा उपाय लागू पडायचा! त्या काळी जखमांवर काय काय थापलं जाई ते पाहिलं, तर धुऊन बांधलेली आणि नंतर कुणी न छेडलेली जखम जास्त चांगली भरत असणार यात नवल नाही. सगळं काम कातडी करत होती. लोकांच्या नजरेसमोर मात्र तलवार होती, मलम होतं आणि बरा झालेला माणूस होता. या तीन गोष्टी मनात आपोआप एका ओळीत उभ्या राहत.

जखमेवरच्या औषधाची परीक्षा घेणं अवघड आहे ते याच कारणानं. साधी, स्वच्छ जखम औषधाविनाही भरते. त्यामुळे ‘पाला लावला आणि जखम बरी झाली’ या वाक्यातला प्रत्येक शब्द खरा असूनही त्यातून पाल्याबद्दल काहीच कळत नाही. विचारायचं असतं ते दुसरंच: पाला लावला नसता तर जे झालं असतं, त्याहून वेगळं काय झालं? आणि ते ‘न लावलेलं’ जग डोळ्यांनी पाहायचं कसं? गेल्या काही दशकांत त्यासाठी माणसानं ज्या युक्त्या शोधल्या आहेत, त्या पाहून मी तरी थक्क होतो.

आपल्याकडचा दगडी पाला घ्या. एकदांडी, कंबरमोडी ही त्याचीच नावं. मैदानाच्या कडेला, रुळांलगत, शेताच्या बांधावर, पडक्या भिंतीच्या फटीत तो उगवतो. जमिनीलगत पसरलेली केसाळ खोडं, करवती कडांची खरखरीत पानं आणि त्यातून वीतभर वर निघालेला एक बारीक दांडा. दांड्याच्या टोकाला एकच फूल, मधे पिवळं, कडेच्या पाकळ्या फिकट आणि प्रत्येकीच्या टोकाला खाचा. खेळताना गुडघा फुटला की ही पानं तळहातावर चुरडून रस जखमेत पिळायचा, हे महाराष्ट्रातल्या पोरांना कुणी बसवून शिकवलेलं नाही. मोठ्या पोरांचं पाहून धाकटी पोरं करतात.

या वनस्पतीचं शास्त्रीय नाव ट्रायडॅक्स प्रोकम्बेन्स. लिनिअसनं ते १७५३ मध्ये दिलं. तिचं मूळ घर मेक्सिको आणि मध्य अमेरिकेच्या बाजूला. म्हणजे सुश्रुतसंहितेत व्रणावरचे साठ उपक्रम सांगितले आहेत, पण त्यांत ही वनस्पती असणं शक्यच नाही. ती कोलंबसानंतर कधीतरी समुद्र ओलांडून आली. आली ती तण म्हणून, आणि काही पिढ्यांत घरोघरचं जखमेवरचं औषध होऊन बसली. कुठल्याही संहितेचा आधार नसताना लोकांनी पाहून, लावून, एकमेकांना सांगून हे ज्ञान जमवलं. मला त्याचा फार आदर वाटतो. पण तलवारीवरचं मलमही लोकांनी पाहून, लावून, एकमेकांना सांगूनच मान्य केलं होतं. या दोन ज्ञानांत फरक असेल, तर तो दाखवता आला पाहिजे.

त्यासाठी आधी कातडी स्वतः काय करते ते पाहू. कापल्यावर काही मिनिटांतच रक्तातल्या प्लेटलेट एकमेकींना चिकटतात आणि फायब्रिनच्या धाग्यांचं जाळं विणलं जाऊन रक्त थांबतं. काही तासांत न्यूट्रोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी हजर होतात आणि जंतूंवर तुटून पडतात. दोन-तीन दिवसांत मॅक्रोफेज येतात. त्या मेलेल्या पेशींचा राडारोडा गिळतात आणि पुढच्या कामकरी पेशींना रासायनिक सांगावे धाडतात. मग फायब्रोब्लास्ट पेशी कोलॅजन तयार करू लागतात, नव्या केशवाहिन्या फुटतात आणि जखमेच्या तळाशी लालसर, दाणेदार मांस भरून येतं. त्याच वेळी कडेच्या पेशी आपली जागा सोडून आत सरकत जातात आणि वरून नवी कातडी पांघरतात. वरून सगळं मिटलेलं दिसलं तरी आत काम चालूच असतं. आधी घाईत टाकलेलं कोलॅजन काढून त्या जागी जास्त बळकट कोलॅजन घातलं जातं. यात महिने जातात, कधी वर्ष. आणि इतकं करूनही त्या जागेची ताकद मूळ कातडीच्या ८० टक्क्यांच्या आसपास येऊन थांबते.

म्हणजे ‘जखम भरणं’ या एका क्रियापदात पाच-सहा वेगवेगळी कामं दडलेली आहेत. एखादा पाला त्यातलं एक काम वेगानं करून घेईल आणि दुसऱ्यात खोडा घालेल, हेही शक्य आहे.

त्यात आणखी एक मेख आहे. १९६२ मध्ये लंडनच्या जॉर्ज विंटरनं डुकरांच्या पाठीवर उथळ जखमा करून त्यांतल्या काही उघड्या ठेवल्या आणि काहींवर पॉलिथिनचा पातळ पडदा लावला. उघड्या जखमांवर छान खपली धरली. झाकलेल्या ओल्या राहिल्या. आपल्यापैकी कुणालाही विचारलं असतं तर खपलीवालीच लवकर भरणार असं म्हटलं असतं. प्रत्यक्षात झाकलेल्या जखमांवर नवी कातडी जवळजवळ दुप्पट वेगानं आली. कोरड्या खपलीखाली पेशींना वाट खोदत जावं लागतं. ओलाव्यात त्या सहज सरकतात. ‘जखमेला वारा लागू दे’ हा घरोघरी दिला जाणारा सल्ला त्या एका प्रयोगानं डळमळीत झाला.

आता या निष्कर्षाच्या उजेडात चुरडलेल्या पाल्याकडे पाहा. ओला लगदा जखमेवर बसला, जखम झाकली गेली, ओलावा टिकला. मग जो फायदा झाला तो दगडी पाल्यातल्या रसायनांचा, की ओल्या झाकणाचा? कोथिंबिरीचा लगदा लावला असता तर? म्हणूनच परीक्षेत नुसतं ‘औषध लावलेले’ आणि ‘काहीच न लावलेले’ असे दोन गट पुरत नाहीत. अर्क ज्या मलमात मिसळायचा तेच मलम, तितकंच, तितक्याच वेळा, फक्त अर्क वगळून, तिसऱ्या गटाला लावावं लागतं. चौथ्या गटाला बाजारात मिळणारं एखादं प्रस्थापित औषध लावतात, पोव्हिडोन आयोडीनसारखं. त्यानं निदान मोजमाप नीट चाललंय की नाही हे कळतं.

पण अर्क मिसळायचा म्हणजे आधी तो काढायला हवा, आणि त्याही आधी वनस्पती तीच आहे याची खात्री हवी. ही खात्री करणं वाटतं तितकं सोपं नसतं. दगडी पाला आणि माका ही एकाच सूर्यफूल कुळातली मंडळी, आणि माका म्हणून दगडी पाला दिला गेल्याची नोंद आहे. म्हणून फुलासकट संपूर्ण रोप दाबून, वाळवून, कागदावर चिकटवून वनस्पतिसंग्रहालयात जमा करायचं आणि त्याचा क्रमांक निबंधात द्यायचा असा रिवाज आहे. पुण्यात भारतीय वनस्पती सर्वेक्षणाच्या पश्चिम विभागाचे आणि आघारकर संशोधन संस्थेचे असे संग्रह आहेत. मुंबईत झेवियर्समध्ये ब्लॅटर हर्बेरियम आहे. पन्नास वर्षांनी कुणाला शंका आली तर तो कागद काढून पाहता येतो. एवढ्या साध्या गोष्टीत केवढी दूरदृष्टी आहे!

मग पानं सावलीत वाळवायची, दळायची आणि सॉक्सलेट नावाच्या काचेच्या उपकरणात घालायची. खाली अल्कोहोल किंवा दुसरा द्रावक उकळत असतो. त्याची वाफ वर जाऊन थंड होते आणि पुडीवर थेंब थेंब ठिबकत राहते. कप्पा काठोकाठ भरला की सगळा द्राव सायफननं एकदम खाली उतरतो, आणि फेरा पुन्हा सुरू. तासन् तास हे आपोआप चालतं. फ्रान्झ फॉन सॉक्सलेटनं हे यंत्र १८७९ मध्ये बनवलं ते दुधातला स्निग्धांश मोजायला. आज जगभरच्या औषधी वनस्पतींचे अर्क त्यातून निघतात. कोणता द्रावक घेतला त्यावर हाती काय लागतं हे ठरतं. पेट्रोलियम ईथरमध्ये मेणचट, तेलकट घटक उतरतात, अल्कोहोलमध्ये फ्लॅव्होनॉइडसारखे, पाण्यात शर्करा, क्षार आणि टॅनिन. एकाच पाल्याचे तीन अर्क म्हणजे जवळजवळ तीन वेगळी औषधं.

इथे मला नेहमी एक गोष्ट खटकते. पोरं वापरतात तो ताजा, कच्चा रस. प्रयोगशाळेत तपासतात तो बहुधा सुकवलेल्या पुडीचा अल्कोहोलमधला अर्क. दुसऱ्याची परीक्षा घेऊन पहिल्याबद्दल निकाल देता येत नाही. अर्काची बाटली टिकते, तिचं प्रमाण ठरवता येतं, तिच्यातल्या घटकांच्या पट्ट्या काचेच्या प्लेटवर अतिनील प्रकाशात उमटवून दर वेळी तोच माल आहे ना हे ताडून पाहता येतं. म्हणून शास्त्रज्ञ अर्काकडे वळतात, आणि ते योग्यच आहे. पण मग ‘आजीबाईचं औषध सिद्ध झालं’ असं म्हणताना जरा थांबायला हवं.

पहिली परीक्षा बशीत होते. काचेच्या किंवा प्लॅस्टिकच्या तबकडीत फायब्रोब्लास्ट पेशी वाढवतात. त्या एकमेकींना खेटून तळ झाकून टाकतात. मग पिपेटच्या टोकानं त्या थरावरून एक सरळ रेघ ओढतात. झाली जखम! सूक्ष्मदर्शकाखाली दर काही तासांनी छायाचित्रं काढली की दोन्ही काठांवरच्या पेशी रिकाम्या पट्टीत पाय पसरत येताना दिसतात. अर्क घातलेल्या आणि न घातलेल्या तबकडीत पट्टी मिटायला किती वेळ लागतो ते मोजायचं. पट्टी मिटली ती पेशी सरकल्यामुळे की त्यांची संख्या वाढल्यामुळे, हा प्रश्न उरतोच. त्यावर उपाय म्हणून मायटोमायसिन हे औषध घालून पेशींचं विभाजन थांबवतात. आता जे काही होईल ते फक्त चालण्यानं. एक दार बंद करून दुसऱ्या दारानं कोण येतं ते पाहण्याची ही तऱ्हा या शास्त्रात पुन्हा पुन्हा भेटते.

तबकडीत रक्त नसतं, जंतू नसतात, मॅक्रोफेज नसतात. म्हणून पुढची पायरी उंदरांची. प्राणी नैतिकता समितीची परवानगी, भूल, प्रत्येक उंदराला वेगळा पिंजरा, नाहीतर ते एकमेकांच्या जखमा चाटतात. या प्रयोगांत जीव जातात हे विसरता कामा नये. म्हणूनच ते निष्काळजीपणे आखणं मला अक्षम्य वाटतं. मॉर्टन आणि मलोन यांनी १९७२ मध्ये मांडलेल्या पद्धतीवर आजही भारतातली कित्येक कामं उभी आहेत. पाठीवर ठरावीक मापाचा कातडीचा तुकडा काढायचा, ठरावीक दिवसांनी जखमेवर पारदर्शक कागद ठेवून तिची कड गिरवायची, तो कागद आलेखाच्या कागदावर ठेवायचा आणि चौकोन मोजायचे. जखमेचं क्षेत्रफळ आकसत जातं तसतसा आलेख खाली येतो.

यात एक मोठी फसगत आहे. उंदराच्या कातडीखाली स्नायूचा एक पातळ पदर असतो. तो जखमेच्या कडा ओढून जवळ आणतो. उंदराची जखम मुख्यतः अशी आवळून मिटते. माणसाची बरीचशी मांस भरून आणि वर नवी कातडी येऊन. म्हणजे उंदरावर झपाट्यानं मिटलेल्या जखमेनं आपल्याबद्दल फारसं काही सांगितलेलं नसतं. २००४ मध्ये गॅलियानो आणि सहकाऱ्यांनी छोट्या उंदरांवर यावर तोड काढली: जखमेभोवती सिलिकॉनची चकती टाके घालून बसवली. कडा आवळल्याच जात नाहीत, आणि जखमेला माणसासारखं भरावं लागतं.

क्षेत्रफळानं मिटणं कळतं, ताकद कळत नाही. त्यासाठीची पद्धत मला सर्वांत आवडते. उंदराच्या पाठीवर सरळ छेद घेऊन टाके घालतात. आठवड्याभरानं टाके काढतात. दहाव्या दिवशी, पुन्हा भूल देऊन, जखमेच्या दोन्ही बाजूंना चिमटे लावतात. एक चिमटा पक्का बांधलेला, दुसऱ्याला दोरी, दोरी कप्पीवरून खाली, टोकाला रिकामी बाटली. बाटलीत संथ धारेनं पाणी सोडायचं. जखम उलू लागली की त्या क्षणी धार बंद. बाटलीत जमलेल्या पाण्याचं वजन म्हणजे त्या जखमेची ताकद. इतकं साधं, आणि इतकं निरुत्तर करणारं. वरून सुंदर दिसणारी जखम शंभर ग्रॅम आधीच उलली, तर तिच्या सौंदर्याला अर्थ नाही.

ही ताकद येते कोलॅजनमधून. तीन साखळ्यांची घट्ट वेणी घातल्यासारखा त्याचा रेणू असतो, आणि ती वेणी सुटू नये म्हणून तिच्यात हायड्रॉक्सिप्रोलीन नावाचं अमिनो आम्ल जागोजाग असावं लागतं. शरीरात ते जवळजवळ फक्त कोलॅजनमध्येच सापडतं. त्यामुळे जखमेतल्या मांसाचा कण आम्लात उकळून त्यातलं हायड्रॉक्सिप्रोलीन मोजलं की नवं कोलॅजन किती झालं ते कळतं. विशिष्ट रसायनं घातली की द्राव गुलाबी होतो आणि गुलाबीपणाच्या गडदपणातून आकडा निघतो. हे अमिनो आम्ल बनवायला क जीवनसत्त्व लागतं. १९४० च्या सुमारास अमेरिकेतल्या जॉन क्रँडन या तरुण सर्जननं महिनोन् महिने क जीवनसत्त्व नसलेलं अन्न खाऊन स्वतःच्या पाठीवर छेद घेऊ दिले. तीन महिन्यांनंतरचा छेद नीट भरला. सहा महिन्यांनंतरचा फक्त वरवर मिटला. आत काहीच झालं नव्हतं. त्याच्या दोनशे वर्षं आधी ब्रिटिश नौदलातल्या ॲन्सनच्या जगप्रदक्षिणेत स्कर्व्ही झालेल्या एका खलाशाच्या बॉइनच्या लढाईतल्या जखमा पन्नास वर्षांनी पुन्हा उघडल्याची नोंद आहे. म्हणजे आपल्या अंगावरचा लहानपणचा वणसुद्धा आजही शरीर सतत दुरुस्त करत असतं. ते थांबलं तर तो उलेल. हे वाचल्यापासून माझ्या कोपरावरच्या वणाकडे मी वेगळ्या नजरेनं पाहतो.

दगडी पाल्याची अशी परीक्षा भारतात झाली आहे. दिवाण, टिल्लू आणि कुलकर्णी या संशोधकांनी १९८२ आणि १९८३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधांतला दुसरा मला विशेष महत्त्वाचा वाटतो. त्यांनी उंदरांना डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड दिलं. स्टेरॉइडनं जखम भरणं मंदावतं: नवी कातडी उशिरा येते, ताकद कमी राहते, मांस कमी भरतं, कडा आवळणंही ढिलं पडतं. म्हणजे शरीराचं जे स्वतःचं कर्तृत्व सगळ्या परीक्षेत आड येत होतं, तेच औषध देऊन दाबून टाकलं. आता पाल्यात काही असेल तर ते उठून दिसेल. आणि दिसलं ते असं: पाल्यानं नवी कातडी येण्यातला उशीर भरून काढला, कमी झालेली ताकद वाढवली, पण मांस भरणं आणि कडा आवळणं यांवरचा स्टेरॉइडचा दाब तसाच राहिला.

हा अर्धामुर्धा निकाल मला सरसकट यशापेक्षा जास्त विश्वासार्ह वाटतो. नुसता ओलावा किंवा झाकण असतं, तर त्यानं कामांची अशी निवड का करावी? पुढच्या कामांत दिसलं की पाल्याच्या अर्कानं लायसिल ऑक्सिडेज या एन्झाइमची क्रिया वाढते. कोलॅजनच्या धाग्यांना एकमेकांशी आडव्या गाठी मारणारं एन्झाइम तेच. आणि या कामात संपूर्ण वनस्पतीचा अर्क नुसत्या पाण्यातल्या अर्कापेक्षा सरस ठरला. बाटलीतल्या पाण्याचं वजन वाढतं ते का, याचा निदान एक धागा हाती आला.

या क्षेत्रातल्या सगळ्याच निबंधांबद्दल मी इतक्या आपुलकीनं बोलू शकणार नाही. गटात पाच-सहाच उंदीर, आणि कागदावर कड गिरवणाऱ्याला तो उंदीर कोणत्या गटातला हे माहीत होतं की नाही याचा उल्लेखच नाही, असं वारंवार आढळतं. पेन्सिल अर्धा मिलिमीटर आत किंवा बाहेर सरकायला वाईट हेतू लागत नाही, आशा पुरते.

हळदीची गोष्ट बहुतेकांना ठाऊक आहे. १९९५ मध्ये मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला जखमेवर हळद वापरण्याचं अमेरिकी पेटंट मिळालं; डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखाली सीएसआयआरनं जुने ग्रंथ आणि निबंध पुढे ठेवून ते आव्हानित केलं आणि १९९७ मध्ये ते रद्द झालं. त्या विजयाचा अभिमान मलाही आहे. पण तिथे सिद्ध झालं ते हे, की हळद जखमेला लावणं आपल्याला आधीपासून माहीत होतं. हळदीनं जखम किती लवकर भरते हा प्रश्न त्या खटल्यात नव्हताच. ‘जुनं आहे’ आणि ‘गुणकारी आहे’ या दोन गोष्टी वेगळ्या न्यायालयांत सिद्ध कराव्या लागतात.

गुणाचं न्यायालय शेवटी माणसाच्या अंगावरच भरतं. तिथेही प्रश्न तोच: न लावलेलं जग कुठून आणायचं? सोळाव्या शतकातल्या आम्ब्रवाज पारे या फ्रेंच शल्यविशारदाला याचं उत्तर सापडलं होतं. उकळत्या तेलानं भाजलेल्या एका पोऱ्याच्या अंगाला मीठ घालून कुटलेला कच्चा कांदा लाव, असं एका खेडवळ म्हातारीनं त्याला सांगितलं. दुसऱ्या दिवशी कांदा लावलेल्या जागी फोड नव्हते. पारेनं लगेच विश्वास ठेवला नाही. पुढे बंदुकीच्या दारूनं चेहरा भाजलेला सैनिक आला, तेव्हा त्यानं चेहऱ्याच्या एका भागाला कांदा आणि उरलेल्या भागाला नेहमीची औषधं लावली. कांद्याच्या भागात फोड आले नाहीत, दुसऱ्या भागात आले. तोच माणूस, तेच रक्त, तीच दारू, तोच दिवस. एका चेहऱ्यावर त्यानं दोन्ही जगं शेजारी शेजारी मांडली होती.

आजच्या काळात हीच युक्ती वापरून एक वनस्पतिअर्क थेट मान्यताप्राप्त औषधापर्यंत पोचला आहे. तो युरोपातल्या बर्चच्या सालीचा. आपल्या जुन्या पोथ्या ज्याच्या सालीवर लिहिल्या गेल्या त्या हिमालयातल्या भूर्जवृक्षाचा हा भाऊबंद. बर्चची साल पांढरी दिसते ती बेट्युलिन या द्रव्यामुळे, आणि औषधातलं मुख्य द्रव्यही तेच. भाजलेल्या जागी लावायला मांडीवरची पातळ कातडी काढतात, तेव्हा मांडीवर एक सरळ, स्वच्छ, सगळीकडे सारख्या खोलीची जखम राहते. चाचणीत तिच्या एका अर्ध्या भागावर ड्रेसिंगखाली सालीच्या अर्काचं जेल लावलं, दुसऱ्या अर्ध्यावर नुसतं ड्रेसिंग. छायाचित्रं पाहून निर्णय देणाऱ्या तज्ज्ञांना कोणता भाग कोणता हे ठाऊक नव्हतं. जेलचा भाग सरासरी सुमारे एक दिवस आधी भरला. वर्षानुवर्षांच्या मेहनतीतून एक दिवस! पण तो खरा दिवस होता, आणि २०१६ मध्ये युरोपात त्यावर मान्यता मिळाली.

पुढे हेच जेल एपिडर्मोलिसिस बुलोसा या जन्मजात आजारात तपासलं गेलं. यात कातडीचे थर नुसत्या घासण्यानंही सुटतात आणि मुलांच्या अंगावर कायम जखमा असतात. २२३ रुग्णांच्या चाचणीत ४५ दिवसांत निवडलेली जखम पूर्ण मिटली ती अर्कवाल्या गटात ४१.३ टक्के रुग्णांची, आणि अर्क नसलेलं तसंच जेल लावलेल्या गटात २८.९ टक्के रुग्णांची. तो २८.९ चा आकडा नीट पाहा. इतक्या दुबळ्या कातडीनंसुद्धा एवढं काम अर्काविना केलं आहे. अर्काचं श्रेय म्हणजे या दोन आकड्यांमधलं साडेबारा टक्क्यांच्या आतबाहेरचं अंतर, त्याहून जास्त नाही. आणि ९० दिवसांपर्यंत पाहिलं तर दोन्ही गट एकमेकांच्या बरेच जवळ आले. तरीही रोज ड्रेसिंग बदलताना कळवळणाऱ्या मुलाच्या आईला हे अंतर किती मोठं वाटत असेल याची कल्पना करता येते. २०२२ मध्ये युरोपात आणि २०२३ च्या डिसेंबरात अमेरिकेत या आजारासाठी त्याला परवानगी मिळाली.

आता पुन्हा दगडी पाल्याकडे येऊ. रस्त्याकडेच्या मातीत धनुर्वाताचे बीजाणू असतात. तिथला धुळीनं माखलेला पाला खोल जखमेत पिळणं धोक्याचं आहे. अशी जखम धुऊन दवाखान्यात जाणं आणि धनुर्वाताचं इंजेक्शन घेणं याला पर्याय नाही. दगडी पाल्याचा सन्मान करायचा तर तो वेगळ्या तऱ्हेनं करायला हवा. प्रमाण पक्कं केलेला निर्जंतुक अर्क, रंगावासानं तसंच दिसणारं अर्कविरहित मलम, एकाच मांडीवरचे दोन अर्धे भाग, आणि कोणता अर्धा कोणता हे न सांगता छायाचित्रं पाहायला बसवलेले तज्ज्ञ: महाराष्ट्रातल्या मोठ्या रुग्णालयांच्या बर्न्स विभागांना ही तयारी जमण्यासारखी आहे. आकडा एक दिवसाचा निघो, दोन दिवसांचा निघो, की शून्य, तो आपल्या पाल्याचा स्वतःचा आकडा असेल, आणि मला तो पाहायचा आहे.